कॅमेरा दुरुस्त होईल, रोल कुठे धुवायचा?

बंद पडलेला फिल्म कॅमेरा दुरुस्त करावा की त्याऐवजी डिजिटल कॅमेरा घ्यावा, हे कॅमेऱ्याच्या वयावरून किंवा खरेदीच्या वेळच्या किमतीवरून ठरत नाही. ते तीन गोष्टींवरून ठरते: आतले यंत्र, लेन्स आणि रोलची सोय. यंत्र जाणकार कारागीर दुरुस्त करू शकतो. लेन्स बहुतेक वेळा साफ करता येते. पण रोल मिळणे, तो धुऊन मिळणे आणि त्यावरचे फोटो हाती येणे ही साखळी कोणत्याही कारागिराच्या हातात नसते. म्हणून बुलढाणा जिल्ह्यातील नांदुऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी या तिसऱ्या गोष्टीचा विचार सर्वांत आधी करावा लागतो.

नांदुरा मुंबई-हावडा लोहमार्गावर, मलकापूर आणि जलंब यांच्या दरम्यान आहे. जिल्ह्याच्या बोलीत हा 'घाटाखालचा' भाग. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती, मे महिन्यात बेचाळीस-चव्वेचाळीस अंशांपर्यंत चढणारा पारा आणि त्यामागून येणारा दमट पावसाळा असे इथले हवामान आहे. कपाटाच्या वरच्या खणात वीस-तीस वर्षे पडून राहिलेल्या कॅमेऱ्याने हे सगळे सोसलेले असते. त्याचे दोषही बहुधा त्यातूनच आलेले असतात.

कपाटात कोणता कॅमेरा आहे?

मराठी घरांत सापडणारे फिल्म कॅमेरे साधारण चार प्रकारांत मोडतात.

पहिला प्रकार साध्या पेटीवजा कॅमेऱ्यांचा. अ‍ॅग्फा क्लिक थ्री हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण. वडोदऱ्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीज या कारखान्यात तो बनत असे. त्यात १२० क्रमांकाचा रुंद रोल बसतो आणि एका रोलवर बारा चौकोनी फोटो निघतात. शटरचा वेग ठरलेला असतो आणि बॅटरी लागत नाही.

दुसरा प्रकार पूर्णपणे यांत्रिक कॅमेऱ्यांचा. यात एकावर एक अशा दोन लेन्स असलेले, वरून काचेत पाहायचे कॅमेरे येतात. १९७० ते १९८६ या काळात बनलेला याशिका मॅट १२४ जी हा त्यांतला नावाजलेला. आरसा असलेले ३५ मिलिमीटरचे अनेक एसएलआर कॅमेरेही याच प्रकारातले; पेंटॅक्स के १०००चे उत्पादन १९७६ ते १९९७ पर्यंत चालले. या कॅमेऱ्यांत सेल फक्त प्रकाश मोजण्यासाठी लागतो. सेल संपला तरी शटर चालते.

तिसरा प्रकार इलेक्ट्रॉनिक शटरच्या कॅमेऱ्यांचा. १९६६मध्ये आलेला याशिका इलेक्ट्रो ३५ हा त्यांतला आरंभीचा. सेलशिवाय तो एकाच वेगावर चालतो. १९८०-९०च्या दशकांतले आपोआप फोकस करणारे, मोटरने रोल पुढे सरकवणारे कॅमेरे याच घराण्यातले.

चौथा प्रकार प्लास्टिकच्या स्वस्त कॅमेऱ्यांचा. हॉट शॉट आणि पुढे कोडॅक केबी १० यांनी सामान्य घरांत फोटो काढण्याची हौस पोहोचवली. बारसे, वाढदिवस, शेगावची वारी, पोळ्याला सजवलेले बैल हे सगळे घरच्याच माणसाने टिपण्याची सोय या कॅमेऱ्यांमुळे झाली.

दुरुस्तीच्या दृष्टीने हा भेद मूलभूत आहे. यांत्रिक कॅमेऱ्यात चाके, तरफा आणि स्प्रिंगा असतात. त्या साफ करता येतात, घासता येतात, प्रसंगी नव्याने घडवता येतात. इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्याची सर्किट पट्टी एकदा जळली की तसाच दुसरा बंद कॅमेरा शोधून त्यातला भाग काढण्याखेरीज उपाय उरत नाही. मूळ कंपन्यांकडून सुटे भाग मिळण्याची आशाही धरता येत नाही. याशिका नावाचे कॅमेरे बनवणाऱ्या क्योसेराने २००५मध्ये आणि कोनिका मिनोल्टाने २००६मध्ये कॅमेऱ्यांच्या धंद्यातून माघार घेतली. प्लास्टिकचा कॅमेरा मुळात उघडून दुरुस्त करण्यासाठी बनवलेलाच नव्हता.

वापराविना काय बिघडते?

न वापरलेला कॅमेरा जसाच्या तसा राहतो हा समज चुकीचा आहे. यंत्रात घातलेले वंगण वर्षानुवर्षे पडून राहिले की त्यातले तेल पसरते आणि उरलेले ग्रीस चिकट होते. उन्हाळ्यातल्या उष्णतेने ही क्रिया वेगाने होते. परिणामी शटरचे मंद वेग अडखळतात. एका सेकंदाचे शटर दोन सेकंद उघडे राहते किंवा मधेच अडकते. पसरलेले तेल लेन्समधल्या प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राच्या पात्यांवर आले तर ती पाती आळसावतात आणि फोटोत नको इतका प्रकाश येतो.

मागच्या झाकणाच्या खाचांत प्रकाश अडवण्यासाठी काळा फोम बसवलेला असतो. काळाच्या ओघात तो कुजून डांबरासारखा चिकट होतो किंवा त्याचा भुगा होतो. मग प्रकाश आत झिरपतो आणि रोलवर नारिंगी-लाल पट्टे उमटतात. सुदैवाने ही सर्वांत सोपी दुरुस्ती आहे. जुना फोम स्पिरिटने काढून नवी पट्टी चिकटवली की काम होते.

लेन्सवरची बुरशी हा पावसाळ्याचा दोष. दमट हवा आणि अंधार मिळाला की काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा बारीक मुळांसारखे धागे पसरतात. चामड्याचे कव्हर ओलावा धरून ठेवते. ज्या कव्हरात कॅमेरा जपून ठेवला, तेच बुरशीला पोसते. वरवरची बुरशी साफ होते. पण फार दिवस राहिली तर ती काचेवरचा लेप खाते आणि तो डाग कायमचा राहतो.

घडीच्या जुन्या कॅमेऱ्यांत चामड्याचा किंवा कापडाचा भाता असतो. त्याच्या घड्यांच्या कोपऱ्यांवर टाचणीच्या टोकाएवढी भोके पडतात. सेल आत विसरला गेला असेल, तर तो गळून तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवा-पांढरा क्षार साठतो. त्यामुळे अनेक कॅमेरे 'मेले' असे वाटते; प्रत्यक्षात व्हिनेगरमध्ये किंचित ओल्या केलेल्या कापसाने पट्ट्या पुसल्या की ते पुन्हा चालू होतात.

घरच्या घरी तपासणी

दुरुस्तीला पाठवण्याआधी पंधरा मिनिटांची तपासणी पुष्कळ खर्च वाचवते. आत रोल नाही याची खात्री करून घ्यावी. आकडे दाखवणारी खिडकी शून्यापुढे असेल किंवा रोल गुंडाळायची कळ फिरवताना ताण जाणवत असेल, तर आत जुना रोल आहे. तसे असल्यास झाकण उघडू नये. ३५ मिलिमीटरचा रोल डबीत परत गुंडाळून घ्यावा, १२० क्रमांकाचा रोल शेवटपर्यंत पुढे फिरवावा आणि मगच बाहेर काढावा. त्यावर एखादा हरवलेला प्रसंग असू शकतो.

त्यानंतर मागचे झाकण उघडून कॅमेरा पांढऱ्या भिंतीसमोर धरावा आणि एकेका वेगावर शटर दाबत आरपार पाहावे. एक सेकंदाचा वेग तोंडाने मोजता येतो. सर्वांत जलद वेगावरही क्षणभर उजेड दिसला पाहिजे. चौकटीचा एक भाग काळाच राहिला तर शटरचे पडदे बरोबर चालत नाहीत. लेन्सची चाचणी टॉर्चने करावी. टॉर्च एका बाजूने तिरका धरून दुसऱ्या बाजूने काच पाहिली की बुरशी, धुके आणि ओरखडे वेगवेगळे दिसतात. थोडी धूळ आणि बारीक ओरखडा फोटोत सहसा दिसत नाही. धुके आणि बुरशी मात्र सगळा फोटो फिका करतात. भात्याची तपासणी अंधाऱ्या खोलीत, आत टॉर्च लावून करावी. भोक असेल तर तारा चमकल्यासारखा ठिपका दिसतो.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. अडकलेल्या शटरमध्ये शिलाई मशीनचे तेल सोडू नये. ते चार दिवस यंत्र मोकळे करते आणि नंतर पात्यांवर पसरून कायमचा बिघाड करते. तसेच आत फ्लॅश असलेला कॅमेरा घरी उघडू नये. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्टचा भार साठलेला असू शकतो आणि सेल काढल्यावरही तो काही काळ टिकतो.

प्रकाशमापक चालत नसेल तर तेवढ्यासाठी कॅमेरा टाकून देण्याचे कारण नाही. १९६०-७०च्या दशकांतल्या अनेक कॅमेऱ्यांचे मापक १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेले होते. पाऱ्याच्या विषारीपणामुळे ते सेल बाजारातून गेले. त्यांच्या जागी १.५ व्होल्टचा साधा सेल घातला तर काही मापके चुकीचा आकडा दाखवतात. श्रवणयंत्रात वापरले जाणारे झिंक-एअर सेल सुमारे १.४ व्होल्टचे असतात आणि ते चालून जातात. त्यांचे आयुष्य मात्र काही आठवड्यांचेच. याहून सोपा उपाय म्हणजे मोबाइलमधले प्रकाश मोजणारे अ‍ॅप.

दुरुस्तीची वाट

महाराष्ट्रात कॅमेऱ्यांच्या बाजारपेठेचे जुने ठिकाण म्हणजे मुंबईच्या फोर्ट भागातला बोराबाजार. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरले की तो चालत जाण्याच्या अंतरावर आहे. नांदुऱ्याहून मुंबईला थेट लोहमार्ग असल्याने कॅमेरा हातानेच नेणे शक्य आहे. नाजूक यंत्र कुरिअरने पाठवण्यापेक्षा ते केव्हाही सुरक्षित. जुने कॅमेरे उघडणारे कारागीर आता मोजके उरले आहेत आणि त्यांचे ज्ञान पुस्तकांपेक्षा बोटांतच जास्त आहे. त्यामुळे 'पुढे कधीतरी' म्हणून टाळलेली दुरुस्ती पुढे करून मिळेलच असे नाही.

कारागिराला द्यायचे काम नेमके सांगावे. यंत्र पूर्ण उघडून साफ करणे, नवे वंगण घालणे, शटरचे वेग जुळवणे आणि फोम बदलणे ही चार कामे एकत्र केली तर चांगला यांत्रिक कॅमेरा पुन्हा अनेक वर्षे चालतो. फक्त अडकलेला भाग सोडवून घेतला तर तो काही महिन्यांत पुन्हा अडकतो.

रोलचा खरा हिशेब

दुरुस्तीचा खर्च एकदाच होतो, रोलचा खर्च दर वेळी. भारतात एके काळी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्यात 'इंदू' नावाचे रोल बनत. १९६०मध्ये स्थापन झालेल्या या कारखान्यात १९६७मध्ये उत्पादन सुरू झाले. डिजिटलच्या लाटेत तो बंद पडला. आज बाजारात मिळणारे कोडॅक, इलफर्ड आणि फुजी यांचे रोल आयात केलेले असतात. त्यामुळे त्यांच्या किमती भारतातल्या कोणत्याही ग्राहकाच्या हातात नाहीत.

रोल, त्याची धुलाई आणि स्कॅन मिळून हजार ते दीड हजार रुपये लागतात असे धरले, तर ३६ फोटोंच्या रोलवर एका फोटोला साधारण २८ ते ४२ रुपये पडतात. बारा फोटोंच्या १२० रोलला एकूण बाराशे रुपये धरले, तर प्रत्येक फोटो शंभर रुपयांचा. महिन्याला एक रोल वापरणाऱ्याचा वर्षाचा खर्च बारा ते अठरा हजारांवर जातो. दोन-तीन वर्षांत एवढ्याच पैशांत वापरलेला चांगला डिजिटल कॅमेरा येऊ शकतो. उलट वर्षातून दोन रोल, म्हणजे दिवाळी आणि एखादे लग्न एवढ्यापुरताच वापर असेल, तर फिल्मचा खर्च जड वाटत नाही.

रंगीत रोल धुणाऱ्या लॅब आता मुख्यतः मुंबई, पुणे, दिल्ली, बेंगळुरू यांसारख्या मोठ्या शहरांत आहेत. नांदुऱ्याहून रोल कुरिअरने पाठवावा लागतो आणि फोटो स्कॅनच्या रूपात मोबाइलवर परत येतात. फिल्मवर काढलेला फोटोही शेवटी डिजिटल होऊनच घरी पोहोचतो. न वापरलेले रोल उन्हाळ्यात फ्रिजमध्ये ठेवावेत. बाहेर काढल्यावर तास-दोन तास तसेच राहू देऊन मग डबी उघडावी, नाहीतर फिल्मवर दव धरते.

घरी रोल धुता येतो का?

कृष्णधवल रोल घरी धुता येतो आणि त्याने परगावच्या लॅबवरचे अवलंबन बरेच कमी होते. त्यासाठी प्रकाश न शिरणारी टाकी, रोल टाकीत भरण्यासाठी काळी पिशवी, डेव्हलपर आणि फोटो पक्का करणारा हायपो एवढे साहित्य लागते. खरी अडचण तापमानाची. कृष्णधवल डेव्हलपरचे कोष्टक बहुधा २० अंश सेल्सिअसवर बेतलेले असते. घाटाखालच्या उन्हाळ्यात नळाचे पाणीच तीस अंशांच्या वर असते. त्यात रोल गरजेपेक्षा जास्त काळा होतो आणि फिल्मवरचा थर मऊ पडतो. माठातले पाणी आणि बर्फाच्या भांड्यात ठेवलेली टाकी यांनी तापमान आणता येते. पण या कामाचा खरा हंगाम डिसेंबर-जानेवारीच. त्या दिवसांत पाणी आपसूकच वीस अंशांच्या आसपास येते.

रंगीत रोलची सी-४१ ही प्रक्रिया याच्या उलट ३७.८ अंशांवर चालते. थंड प्रदेशात तेवढी ऊब टिकवण्यासाठी यंत्र लागते; वऱ्हाडात मे महिन्याच्या दुपारी खोलीच तेवढी तापलेली असते. पण ही प्रक्रिया अर्ध्या अंशाचाही फरक सहन करत नाही, म्हणून नवख्याने तिच्यापासून सुरुवात करू नये. वापरलेल्या हायपोत चांदीचा अंश उतरतो. तो विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतणे हा पाण्याचा अपराध आहे. तो साठवून योग्य ठिकाणी द्यावा.

डिजिटलने काय मिळते, काय जाते?

१९७५मध्ये कोडॅकचे अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा बनवला. त्याचा फोटो १०० गुणिले १०० ठिपक्यांचा होता आणि तो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. ज्या कंपनीत हा शोध लागला तिनेच २०१२च्या जानेवारीत दिवाळखोरीसाठी अर्ज केला. फिल्मचा बाजार किती वेगाने कोसळला हे त्यावरून लक्षात येते. तरी फिल्म संपलेली नाही. २०२४मध्ये पेंटॅक्स १७ हा नवा फिल्म कॅमेरा बाजारात आला.

डिजिटलचा मोठा लाभ म्हणजे चूक तिथल्या तिथे दिसते. मंडपातल्या मिणमिणत्या दिव्यात, धावत्या बैलजोडीसमोर किंवा रडणाऱ्या बाळापुढे दहा फोटो काढून नऊ पुसता येतात. शिकणाऱ्याला आणि पोटासाठी फोटो काढणाऱ्याला याहून मोठी सोय नाही. लग्नाची कामे घेणाऱ्या स्टुडिओने फिल्मवर परत जाणे आज परवडणारे नाही. गिऱ्हाइकाला फोटो त्याच दिवशी मोबाइलवर हवे असतात.

नांदुऱ्याची ओळख असलेली १०५ फुटी हनुमानमूर्ती हे लेन्समुळे पडणारा फरक समजण्याचे चांगले उदाहरण आहे. ३५ मिलिमीटर कॅमेऱ्याची नेहमीची ५० मिलिमीटर लेन्स उभी धरून सुमारे ३२ मीटर उंचीची मूर्ती चौकटीत बसवायची, तर जवळपास ४५ मीटर मागे जावे लागते. मोबाइलची रुंद लेन्स हेच काम साधारण २३ मीटरवरून करते. पण इतक्या जवळून कॅमेरा वर रोखावा लागतो आणि मूर्ती मागे झुकल्यासारखी दिसते. फोटो कसा दिसेल हे फिल्म की डिजिटल यापेक्षा लेन्स कोणती आणि उभे कुठून राहिले यावर अधिक ठरते.

डिजिटल कॅमेराही म्हातारा होतो आणि त्याचे म्हातारपण अधिक कठीण असते. २००२मध्ये आलेल्या एक्सडी कार्डावर चालणारे कॅमेरे आज चालू अवस्थेत असले तरी कार्ड आणि बॅटरी शोधण्यातच दमछाक होते. त्याहून सव्वीस वर्षे आधी आलेला पेंटॅक्स के १००० नवा रोल घातला की चालतो.

मधली वाट

कॅमेऱ्याचे यंत्र गेले पण लेन्स निर्मळ असेल, तर ती नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर वापरता येते. जुन्या एसएलआरच्या लेन्सपासून फिल्मपर्यंतचे अंतर साधारण ४५-४६ मिलिमीटर असते. आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांत हे अंतर १६ ते २० मिलिमीटर इतके कमी झाले आहे. उरलेल्या जागेत धातूचे कडे, म्हणजे अ‍ॅडॉप्टर, बसते. फोकस हाताने करावा लागतो, पण वडिलांची लेन्स मुलीच्या कॅमेऱ्यावर काम करते. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स ७५ मिलिमीटरसारखी वागते, म्हणजे चेहऱ्यांच्या फोटोंना ती अधिकच शोभते.

दुसरी आणि अधिक निकडीची वाट निगेटिव्हची. कॅमेरा आणखी दहा वर्षे पडून राहिला तरी चालेल; निगेटिव्हला तेवढा वेळ नसतो. पत्र्याच्या छपराखाली, ट्रंकेत ठेवलेल्या रंगीत निगेटिव्हमधले रंग उष्णतेने उतरत जातात. जुन्या अ‍ॅसिटेट फिल्मला उष्णता आणि दमटपणा मिळाला की ती आक्रसते आणि तिला व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागतो. तो वास आला की थांबायला वेळ उरलेला नसतो. २४ गुणिले ३६ मिलिमीटरची निगेटिव्ह इंचाला २४०० ठिपके या प्रमाणात स्कॅन केली, तर सुमारे पावणेआठ मेगापिक्सेलचे चित्र मिळते आणि आठ बाय बारा इंचांच्या प्रिंटला ते पुरते. क्लिक थ्रीची चौकोनी निगेटिव्ह क्षेत्रफळाने तिच्या साडेतीन पटींहून मोठी असते. स्कॅन झाल्यावरही मूळ निगेटिव्ह फेकू नये. ती कागदी पाकिटात, घरातल्या सर्वांत थंड आणि कोरड्या जागी ठेवावी. स्कॅनच्या किमान तीन प्रती कराव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या घरी असावी.

निर्णयाचा क्रम

सर्वांत आधी निगेटिव्ह स्कॅन कराव्यात, कारण तिथले नुकसान भरून निघत नाही. मग कॅमेरा कोणत्या प्रकारचा आहे ते पाहावे. प्लास्टिकचा असेल तर साफ करून आठवण म्हणून ठेवावा. इलेक्ट्रॉनिक असेल तर सेलच्या पट्ट्या पुसून नवा सेल घालून पाहावा. चालला तर वापरावा, नाही चालला तर लेन्स कामी येते का ते तपासावे. यांत्रिक असेल आणि लेन्सवर खोल बुरशी नसेल, तर दुरुस्ती बहुतेक वेळा सार्थकी लागते. क्लिक थ्रीसारख्या पेटीला दुरुस्तीची गरज क्वचितच पडते. लेन्स पुसून, मागच्या लाल खिडकीवर काळी पट्टी लावून, १०० आयएसओचा मंद रोल भरला की ती भर उन्हात चांगले काम करते.

दुरुस्तीनंतर पहिला रोल चाचणीचा समजावा. लग्नाला किंवा वारीला तो नेऊ नये. घर, अंगण, रेल्वे फलाट आणि बाजार अशा वेगवेगळ्या उजेडांत वेगवेगळ्या वेगांनी फोटो काढून प्रत्येकाची नोंद वहीत ठेवावी. धुऊन आलेल्या रोलवर फोटोंमधील अंतर सारखे असेल, लाल पट्टे नसतील आणि नोंदीप्रमाणे उजेड उतरला असेल, तर तो कॅमेरा पुन्हा घराच्या कामाचा झाला असे समजावे. या चाचणीत तो उतरला नाही किंवा वर्षाकाठी लागणारे रोल परवडणारे नसतील, तर तेच पैसे डिजिटल कॅमेऱ्यात घालावेत आणि जुना कॅमेरा चामड्याच्या कव्हरातून काढून सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावा.